विरजणाची टाकी

२७ सप्टेंबर, शनिवार

घसा बसलाय. सकाळी विक्रोळी, दुपारी भांडुप, संध्याकाळी आपल्याच गल्लीत नवरात्रातलं व्याख्यान. अशोक म्हणाला, "घरात शिरताना माईक बाहेर ठेवत जा गं." लग्न झाल्यापासून नवऱ्याचा हा एकच विनोद. तरी हसले. मग त्यानेच आल्याचा काढा करून दिला.

येताना कापड रंगवायच्या गाळ्यावर, आमच्या डाइंगवर, डोकावले. मालक गाळा सोडून गेला तेव्हा कामगारांनी सोसायटी काढून रंगकाम पुन्हा सुरू केलं आणि मला अध्यक्ष केलं. कारण काय, तर "ताई बोलतात चांगलं." त्याआधी याच गेटबाहेर उभी राहून, नाल्यात लाल-निळं पाणी सोडता म्हणून मी ओरडत होते. आता गेटच्या आत आहे. आवाज तोच.

पाणी पाहत उभी राहिले. मन भरत नाही. कापड रंगवून निघालेलं काळंनिळं पाणी आधी हौदात जातं, तिथे रंग खाली बसतो. मग हवेच्या टाकीत, तिथे खालून सारखे बुडबुडे. मग कर्दळीच्या वाफ्यातून हळूहळू. वाफ्याच्या शेवटी जे येतं त्यातलं बरंचसं पुन्हा कापड धुवायला, उरलेलं नाल्यात. नाल्यानेच लाजावं असं स्वच्छ. कर्दळीला फुलं आलीत. लालभडक. घाटकोपरात, डोंगराखालच्या या पत्र्याच्या गल्लीत, रंगाच्या सांडपाण्यावर फुलं!

१६ ऑक्टोबरला प्रदूषण बोर्डाची माणसं पाण्याचा नमुना घेणार. पास, तर परवाना पुढे चालू. नापास, तर गाळ्याला कुलूप आणि सगळे घरी. मला काळजी नाही. पाणीच बोलेल.

२९ सप्टें., सोमवार

निलोफर आज भुसावळला गेली, भावाच्या लग्नाला. टाकी तिचीच. सगळी मांडणी तिची, इंजिनियर पोरगी, कुर्ल्याची, जीभ माझ्याहून तिखट. जाताना म्हणाली, "ताई, फक्त बायोमासला कुणी हात लावायचा नाही हां. एमएलएसएस मस्त सेट झालंय." मी गंभीरपणे मान डोलावली. कळलं शून्य. पण "मला कळलं नाही" हे वाक्य माझ्या तोंडी बसत नाही, शाळेत शिकवायचे तेव्हाही बसत नसे.

खंडेनवमीसाठी पाट्या नव्याने रंगवून घेतल्या. या सगळ्या पाट्या माझ्या. डाइंगवर एकही इंग्रजी पाटी नको, हा माझा हट्ट. जूनमध्ये निलूने विचारलं होतं, हवेच्या टाकीत तपकिरी गढूळ जे तरंगतं, त्या स्लजला मराठीत काय? मी क्षणात म्हटलं, गाळ. शब्दकोशही उघडला नाही. तेव्हापासून तिथे पाटी आहे: "गाळाची टाकी". ठसठशीत. वाचून बरं वाटतं.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी

आजचं भाषण जमलं!

यंत्रांची पूजा मंगेश आणि मंडळींची. मंगेश म्हणजे रंगारी नंबर एक, सावंतवाडीचा, आवाज माझ्याएवढा, अक्कल स्वतःच्या मते माझ्याहून जास्त. मी पूजेत नसते, सगळ्यांना ठाऊक आहे. मग मंगेशच म्हणाला, "पूजा आमची, भाषण तुमचं. नारळ मी फोडतो, तुम्ही डोकी फोडा." उद्या त्यांचा दसरा, आमचा धम्मचक्र दिन, शिवाय सगळीकडे स्वच्छतेचा गजर. तेव्हा स्वच्छतेवरच बोलले. यंत्र पुसणारा हात हा यंत्राचा मालक असतो. झाडू ही ज्याच्यावर लादली त्याची लाज नाही, लादणाऱ्याची आहे; आणि आपल्या जागेसाठी आपण हातात घेतो तेव्हा तीच झाडू झेंडा होते. टाळ्या. शेवट असा: "मनातला गाळ उपसा, नाल्यातला गाळ उपसा, आपल्या गाळ्यातला गाळ उपसा!"

गाळ्यातला गाळ. उभ्या उभ्या सुचलं. तिसरं पाऊल पडल्याशिवाय माझं वाक्य संपत नाही आणि असं अनुप्रासाचं पाऊल पडलं की मला रात्री झोप गोड लागते. वच्छलाबाई कापड सुकवतात, सगळ्यांत जुन्या, सहसा टाळी देत नाहीत. आज दोन्ही हातांनी.

२ ऑक्टो., गुरुवार

पांढरी साडी, विहार, खीर. मन लख्ख.

दुपारी मंगेशचा फोन. "ताई, या लवकर. सरप्राइझ आहे!" गेले. सगळा गाळा धुतलेला, यंत्रांना झेंडू, हवेच्या मोटरलाही हार. मंगेश मला हाताला धरून हवेच्या टाकीपाशी घेऊन गेला. "बघा!"

टाकीचा तळ दिसत होता. पाणी नितळ, काचेसारखं. तो घाणेरडा तपकिरी गढूळपणा, जो मला रोज खटकायचा, पार गेलेला. काल भाषणानंतर आठ-दहा जण आत उतरले, गाळ उपसला, पोत्यांत भरला, भिंती ब्लीचिंग पावडरने घासल्या, आणि ताजं पाणी भरलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "तुझ्या भाषणावर कुणी काही केलं, असं आजवर पाहिलंयस का?"

खरंच पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. इतक्या सभा, इतकी वर्षं, आणि आज पहिल्यांदा शब्द बोलल्याबरोबर हातात फावडं. मंगेशला मिठीच मारली. फोटो काढून निलूला पाठवला.

तिचं उत्तर एकच ओळ. "ताई, ये क्या किया."

मी समजले, आनंदाने म्हणतेय.

३ ऑक्टो., शुक्रवार

आनंदाने नव्हतं.

निलूचा फोन सकाळी, मागे सनई. "ताई, तो गाळ नव्हता यार! तेच तर काम करत होतं!" तो तपकिरी गढूळपणा म्हणजे जिवंत जिवाणू. कोट्यवधी. रंग खाली बसल्यावर पाण्यात जे उरतं ते खाऊन पाणी स्वच्छ करतात ते. जूनपासून तिने त्यांना आमच्या रंगांची सवय लावली, गूळ घातला, शेणपाणी घातलं, महिनोन्महिने वाढवले. आणि आम्ही त्यांना हार घालून, नारळ फोडून, ब्लीचिंग पावडरने मारलं.

"नितळ आहे ना टाकी?" म्हणाली. "मेलीय ती. म्हणून नितळ आहे."

दुपारपर्यंत खात्री पटली. सकाळी दिवाळीच्या ऑर्डरचा निळा रंग काढला होता. हवेच्या टाकीतून पाणी जसंच्या तसं पुढे आलं. कर्दळीच्या टोकाला निळसर, वर साबणासारखा फेस, आणि नासक्या अंड्यासारखा वास.

काम थांबवलं. निघालं तेवढं पाणी साठवणीच्या हौदात अडवलं.

आता शांतपणे लिहिते. हे माझं काम आहे. मंगेशचं नाही. पाटी माझी. "गाळ" शब्द माझा. गाळ म्हटल्यावर माणूस त्याचं काय करणार? सणाच्या आदल्या दिवशी उपसणारच! आणि ते तिसरं पाऊल.

४ ऑक्टो., शनि.

निलू लग्न अर्धं टाकून परत. हाताला मेंदी, खांद्यावर बॅग, तशीच थेट टाकीवर. कुणाला ओरडली नाही. ते जास्त लागलं. वाकून पाण्याचा वास घेतला आणि म्हणाली, "कुछ नहीं बचा."

मंगेशने हळूच पोत्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "पोत्यातलं परत टाकलं तर?" पोत्यात ब्लीचिंग पावडर, वर दोन दिवसांचं ऊन. नाही.

नव्याने वाढवायचं तर महिना-दीड महिना. १६ तारीख बारा दिवसांवर.

निलू पोरांना समजावत होती: सीडिंग करावं लागेल, अ‍ॅक्लिमेटाइज्ड कल्चर पाहिजे, दुसऱ्या डाइंगच्या टाकीतून. सगळे माना डोलावत होते. अगदी माझ्यासारख्याच. हिचा एक शब्द यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि माझा एक पोचला तर हे असं.

५ ऑक्टो., रविवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी जेवायला दही घ्यायला गेले. दह्याचं भांडं ओट्यावर, लख्ख, उपडं. अशोकने सकाळी स्वयंपाकघर आवरलं होतं. स्वच्छतेच्या भाषणाचा घरातही परिणाम! बुडाशी चमचाभर विरजण मी मुद्दाम ठेवलं होतं. मोरीत गेलं.

मी सुरू झाले. आधीचा सगळा राग त्याच्यावर. "ते घाण नव्हतं रे! ते चमचाभर होतं म्हणून उद्याचं दही होतं! तुला दिसलं बुडाला चिकटलेलं, तू म्हणालास खरकटं! अरे, त्याच्यात जीव असतो, त्याच्यावर पुढचं सगळं..."

आणि थांबले. तोंड उघडंच.

अशोक म्हणाला, "काय झालं? छातीत दुखतंय का?"

विरजण!

गाळ नव्हे. विरजण. गेल्या जूनमध्ये हा शब्द माझ्या ओट्यावरच्या भांड्यात होता आणि मी पाटीवर गाळ लिहिलं. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली.

त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. तो म्हणाला, "म्हणजे भांडं घासलं ते बरं केलं?" म्हटलं, "नाही. चूकच केलीस. जा, शेजारून चमचाभर मागून आण."

६ ऑक्टो., सोमवार

सकाळी सभा. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं. "घरात विरजण संपलं तर काय करतो?"

वच्छलाबाई: "शेजारी मागतो."

"टाकीतलं विरजण आपण घासून टाकलं. शेजारी मागायचं."

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणाची टाकी चांगली, किती आणायचं, वाटेत नासेल का, कोमट लागेल का. निलू माझ्याकडे बघत राहिली. "चार महिने मी हेच सांगत होते ना ताई?" "होय गं. मराठीत नव्हतीस सांगत. आणि मी सांगितलं ते चुकीचं."

मंगेशने मध्येच दुसरी वाट काढली. नमुन्याच्या दिवशी टँकर मागवू, शेवटच्या हौदात नळाचं पाणी ओतू, बाटलीत नितळ दिसेल. "सगळे करतात ताई." मी तोंड उघडायच्या आत वच्छलाबाई: "दुधात पाणी घालून दही लागतं का रे मेल्या?" विषय संपला. माझं एक भाषण वाचलं.

निलू म्हणते, ड्रेनेजच्या टाकीतलं चालणार नाही, ते रंगाला सरावलेलं नसतं. आपल्यासारखेच रंग वापरणारी, जोमात चालणारी टाकी जवळपास एकच. मुलुंडला. दत्ताराम गावडे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या चौकात, भर सभेत, मी या गावड्यांना "नाल्याचा रंगारी" म्हणाले होते. आणखीही म्हणाले होते. तीन पावलं होती.

"मी जाते," म्हटलं.

(रात्री पुढे)

वच्छलाबाईंना सोबत घेतलं. मुलुंडला पोचेपर्यंत दिवे लागले. गावडे सत्तरीचे, मालवणकडचे, बनियन, कपाळाला गंध, पूर्वी गिरणीत रंगखात्यात होते. मला बघताच खिशातून फोन काढला आणि माझंच भाषण लावलं. माझा आवाज सगळ्या गाळ्यात घुमला: नाल्याचा रंगारी! पाण्याचा वैरी! पुढचं लिहवत नाही.

"ता काढून टाका हो," म्हटलं. घाईत मीही माहेरच्या मालवणीवर गेले.

"कित्याक? माका आवाडता. माझा नाव माईकवर कोणी घेतलेला न्हवता." मग म्हणाले, "माका कायएक वाटाक नाय गो. पन बायल माझी आठवडोभर बोलली नाय. टाकी बांधलंय, तेव्हा खंय घरात माशांचा तिखला शिजला."

म्हणजे ही टाकी माझ्या भाषणावर उभी! (आणि त्यांच्या बायकोच्या मौनावर. जास्त तेच.)

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, गाळ, ब्लीचिंग पावडर. ते इतके हसले की खोकला लागला. टाकी दाखवली. गर्द तपकिरी, ताकासारखा फेस, ओल्या मातीचा वास. निलू असती तर रडली असती. मी म्हटलं, "विरजण द्या."

त्यांनी दिव्याकडे बघितलं. "तिन्हीसांजेचा विरजाण देवचा नसता."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर गेलं की बरकत जाते.

मग मी बोलले. विज्ञान, विवेक, सूर्य मावळल्याने जिवाणूला काय कळतं, शतकानुशतकांचं ओझं. हातवारे करून. कामगार जमले. गावड्यांच्या पत्नी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. चांगला पाऊण तास.

गावडे गालाला हात लावून ऐकत होते. "संपला?"

"संपलं."

"बरा बोलतंस. आता सकाळी ये."

चहा पाजला, बांगड्याचं सार वाटीत घालून बरोबर दिलं आणि परत पाठवलं. विरजण नाही, सार चालतं. वा!

वाटेत मी धुमसत होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "तुझी आई द्यायची का दिवेलागणीनंतर?" आई द्यायची नाही. आणि आईला वरच्या आळीत कुणी दिवसाही देत नसे. ती आपल्याच वस्तीत मागायची. कदाचित म्हणूनच "सकाळी ये" हे शब्द मला इतके झोंबले. "येऊ नको" असंच कानाला ऐकू आलं.

सकाळी बघू.

७ ऑक्टो., मंगळवार

सकाळी निलू आणि मंगेशसह मुलुंडच्या गेटवर पोचलो तर गावडे स्वतः बाहेर. पिंपं भरून तयार. निळी, मोठी, प्रत्येकावर त्यांच्या डाइंगचं नाव. आम्ही मागितली त्याहून जास्त. "जास्त घे. वाटेत थोडा मरतला." त्यांच्या पत्नीने प्रत्येक पिंपात चिमूटभर साखर घातली. निलूने डोळे मोठे केले, मग म्हणाली, "चलेगा, साखर खातात ते."

पुढचा सगळा प्रवास हास्यास्पद. विरजणाला हवा लागते, झाकण लावलं तर गुदमरतं. म्हणून निलूने माशांच्या दुकानातून काचेच्या पेटीत बुडबुडे सोडणारे छोटे पंप आणले, बॅटरीवरचे. उघड्या टेंपोत निळी पिंपं, पिंपांत बुडबुडे, वर तपकिरी फेस, मध्ये मंगेश दोन्ही हातांनी पिंपं आवळून उभा, आणि भांडुपला गाडी अडकली. फेस वर येऊन मंगेशच्या शर्टावर. ट्रॅफिकचा हवालदार आला. नाक दाबून: "काय आहे हे?"

मंगेश: "विरजण आहे साहेब."

"एवढं? कसलं दही लावताय?"

"नाल्याचं."

हवालदाराने पिंपात डोकावून पाहिलं. मग शिट्टी फुंकून आमच्यासाठी डावी बाजू मोकळी केली. का, त्यालाच ठाऊक. मंगेशने टेंपोतून सलाम ठोकला.

ओतताना सगळे टाकीभोवती. कुणीतरी म्हणालं, ताई, दोन शब्द. मी मान हलवली. नको. मागच्या वेळचे दोन शब्द अजून फेडतेय.

९ ऑक्टो., गुरुवार

टाकी आजारी माणसासारखी. सगळे येता-जाता विचारतात, कशी आहे? गूळ, शेणपाणी, हवा. अडवलेलं पाणी थोडं थोडं पाजतो. निलूचा हुकूम: आठवडाभर फक्त फिके रंग. निळा, काळा बंद. म्हणून सगळीकडे लिंबोणी आणि बदामी कापड वाळतंय, दोरीवर ऊन टांगल्यासारखं. निळ्या कापडाच्या व्यापाऱ्याला मंगेशने फोनवर सांगितलं, "शेठ, बाळंतपण आहे, थांबा." तो कुणाचं म्हणून विचारत बसला.

मी पाटी खरवडून नवीन लिहिली: "विरजणाची टाकी. घासू नये." मंगेश म्हणाला, "खाली लिहा, भाषण करू नये."

लिहिलं. बारीक अक्षरांत.

१२ ऑक्टो., रविवार

रंग येतोय! फिका चहा होता, आज गडद झाला. निलूने उंच काचेच्या भांड्यात पाणी भरलं. विरजण हळूहळू खाली बसलं, वर नितळ थर. खाली बसणं म्हणजे तब्येत चांगली. ती टाळ्या पिटत नाचली, मेंदी अजून हातावर आहे. वच्छलाबाई वाकून वास घेऊन म्हणाल्या, "मातीचा येतोय." निलू म्हणाली, "बस्स, मला मशीन नको, या बाई पाहिजेत." "मशीनला नाक असतं का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मला मोबदल्यात तुझ्यासारखी मेंदी काढून दे."

घरी अशोकने दही लावलंय. भांड्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: घासू नये.

१६ ऑक्टो., गुरुवार

बोर्डाचे दोघे आले. बाटल्या भरल्या, सील केल्या, सह्या घेतल्या. एकाने कर्दळीचं फूल तोडायला हात पुढे केला, मंगेश म्हणाला, "साहेब, ती कामावर आहे." तो हसला.

पाणी दिसायला चांगलं होतं. निलू म्हणते, पास व्हावं; पण टाकी अजून अशक्त आहे, एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर सांगता येत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत कळेल.

जाताना त्यांच्यातला मोठा पाटीपाशी थांबला. वाचली. "हे कुणी लिहिलं?" मी पुढे झाले. "आमच्याकडे सगळीकडे स्लज लिहितात," म्हणाला, आणि वहीत शब्द लिहून घेतला. त्यावर मी काहीही बोलले नाही! इतिहासात नोंद व्हावी.

१९ ऑक्टो., रविवार

गावड्यांची पिंपं धुऊन ठेवली आहेत. मंगेश म्हणाला, उद्या टेंपो जातोय मुलुंडला, टाकून येतो. मी म्हटलं, नाही. रिकामी?

सगळे बघायला लागले. आई कुणाचं भांडं कधी रिकामं परत करायची नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ. देणाऱ्याला वाटायला नको की देऊन त्याचं भांडं रितं झालं.

मंगेश: "ताई, गावड्यांना तिन्हीसांजेला सांगितलेला तुमचा विवेक आता कुठे गेला?"

उत्तर माझ्याकडे आहे, पण लांब आहे.

मग काय भरायचं यावर वाद. मंगेश: नारळ. वच्छलाबाई: फराळ. (पिंपभर? "मग चिवडा कमी पडायला नको.") निलू: कर्दळीची रोपं. मी म्हटलं, आपलं पाणी. वाफ्याच्या टोकाचं. त्यांच्या विरजणानं झालेलं. बोर्डाचा कागद आला, पास झालं, की ते भरायचं, आणि गावड्यांनी त्यात कापड धुवायचं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंगेशने नुसती पिंपं गेटजवळ, सावलीत, तोंड वर करून नीट लावली. म्हणजे पटलं.

२१ ऑक्टो., मंगळवार. लक्ष्मीपूजन

कागद नाही. सुट्ट्या आहेत. डाइंगवर कंदील लावला, लिंबोणी कापडाचा. कर्दळीच्या वाफ्याभोवती पणत्या. मी पूजेत नाही, पण पणत्या मीच लावल्या. निलूने शीरखुर्मा आणला, "दिवाळीचा." आतून हवेच्या टाकीचा गुरगुरण्याचा आवाज येत होता. घरात कुणीतरी घोरतंय तसा. बरं वाटतं.

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज

गावड्यांचा फोन. दिवेलागण होत आली होती.

"काय गो बाये. माझी पिंपा खंय?"

"आहेत. धुतलीत."

"मगे धाड की. नवीन रंग इलो हा, भरूचो कशात?"

"भरल्याशिवाय धाडणार नाही."

"रिकामी धाड. माका चलता."

"मला चालत नाही."

मग त्यांचं ते खोकल्याचं हसू. "तू? तू असा म्हणतंस? पाऊण तास माका काय सांगी होतंस ता?"

"ते वेगळं होतं."

"कसा वेगळा?"

मी श्वास घेतला. पहिलं वाक्य तोंडात तयार, दुसरंही. मग मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, र्‍हवां दे. ती भरान धाडतली." आणि फोन ठेवला.

कागद अजून नाही. पास झालं तर पाणी. नापास झालं तर काय भरायचं, ठरलेलं नाही. मंगेश म्हणतो मीठ. गमतीत म्हणतो, पण काल एक गोणी आणून ठेवलीय कोपऱ्यात. रंगकामाला लागतंच म्हणे.

पिंपं गेटजवळ उभी आहेत, निळी, तोंडं उघडी. येताना आत वाकून पाहिलं. एकाच्या तळाशी थोडा तपकिरी थर राहिलाय. वच्छलाबाईंनी घासायला हात घातला होता. मग काढून घेतला.